रडणारा मुलगा शेवटी बघा: डच प्रसंगचित्रांतले मुलांचे भाव कसे वाचावेत

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये यान स्टेनचं एक चित्र आहे, 'सेंट निकोलसचा सण'. १६६५ ते १६६८ च्या दरम्यान कधीतरी रंगवलेलं. आकारानं फार मोठं नाही, उंची ८२ सेंटिमीटर आणि रुंदी साधारण ७०. पण त्यात अख्खं घर मावलंय: आई, आजोबा, मोठी भावंडं, धाकटी भावंडं, खाऊनं भरलेली टोपली. आणि डावीकडे एक मुलगा रडतोय. ५ डिसेंबरच्या रात्री मुलांनी ठेवलेल्या बुटात संत निकोलस खाऊ टाकून जातो, आणि वर्षभर ज्यानं उच्छाद मांडला त्याच्या बुटात फोकांची जुडी निघते, अशी तिथली रीत. या मुलाच्या बुटात फोक निघालेत.

पहिल्यांदा पाहणारा माणूस रडणाऱ्या पोराकडे बघतो, 'बिचारा' म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. तिथेच चित्र हातातून सुटतं. या चित्रांतल्या मुलाचा चेहरा कधीच एकटा नसतो. तो कुणाला तरी दिलेलं उत्तर असतो: कुणी हसलं, कुणी हात उगारला, कुणी काही लपवलं, कुणी बोलावलं. प्रश्न सापडल्याशिवाय उत्तर वाचून उपयोग नाही. म्हणून या लेखात चेहरा पहिल्या पायरीवर नाही, पाचव्या पायरीवर आहे. सुरुवातीला हे उलटं वाटेल, पण चार-पाच चित्रं अशी पाहिलीत की हात बसेल.

आधी थोडी तयारी

'प्रसंगचित्र' म्हणजे राजे, देव किंवा लढाया यांच्याऐवजी रोजच्या जगण्यातला एखादा प्रसंग दाखवणारं चित्र. सतराव्या शतकात हार्लेम, लायडन, डेल्फ्ट, ॲम्स्टरडॅम या डच शहरांत अशी हजारो चित्रं निघाली, कारण तिथे चित्रं विकत घेणारा माणूस बेकरीवाला, कापडाचा व्यापारी, दारू गाळणारा असा मध्यम ऐपतीचा होता. त्याच्या भिंतीला मावतील अशी, त्याच्या घरासारखी घरं दाखवणारी चित्रं त्याला हवी होती. (१६३७ पासून वेंगुर्ल्यात वखार चालवणारे वलंदेज ते हेच डच. आपल्या जुन्या कागदपत्रांतून आपण त्यांना व्यापारी म्हणून ओळखतो. त्यांच्या घरातली पोरं कशी होती, ते या चित्रांतून दिसतं.)

त्यासाठी नेदरलँड्सला जायलाच हवं असं नाही. राइक्सम्युझियम आपल्या संकेतस्थळावर चित्रांच्या मोठ्या, स्पष्ट प्रतिमा फुकट देतं. हेगचं मौरित्सहाउस आणि लंडनची नॅशनल गॅलरी यांच्या संकेतस्थळांवरही चित्र चांगलं मोठं करून पाहता येतं. फोनवर मात्र पाहू नका. या चित्रांतला चेहरा मुळातच नखाएवढा असतो, त्यामुळे लॅपटॉप किंवा टॅबलेट घ्या. सोबत कागद-पेन्सिल ठेवा आणि एका चित्राला निदान वीस मिनिटं द्या.

आणि चित्राखालची पाटी वाचू नका. बहुतेक चित्रांची आज रूढ असलेली नावं चित्रकारानं दिलेली नाहीत, ती नंतरच्या लोकांनी ठेवलेली आहेत. 'खोडकर ढोलकीवाला' असं नाव आधी वाचलं की त्या पोराच्या चेहऱ्यावर तुम्हाला खोडीच दिसणार.

पायरी १: हे व्यक्तिचित्र आहे की प्रसंगचित्र?

मुलाचे आई-बाप पैसे मोजून त्याचं चित्र काढून घेत असतील, तर मूल सहसा गंभीर, नीटनेटकं आणि ताठ दिसतं. दात दाखवून हसणं हे प्रतिष्ठित माणसाच्या चित्रात बसत नव्हतं. प्रसंगचित्रातल्या मुलाला नाव नसतं, घराण्याची अब्रू सांभाळायची नसते, म्हणून ते खदखदा हसू शकतं, भोकाड पसरू शकतं, जीभ काढू शकतं.

दोन्ही एकाच चित्रात बघायचं असेल तर मौरित्सहाउसमधलं स्टेनचंच १६६० चं 'कोंबड्यांचं अंगण' उघडा. पायरीवर बसून कोकराला दूध पाजणारी मुलगी मोठ्या घरातली, याकोबा मारिया फान वासेनार. तिचा चेहरा शांत आणि राखलेला आहे. तिच्या आजूबाजूच्या दोन नोकरांचे चेहरे मात्र बोलके आहेत. ज्याला जेवढं उघड करायची मुभा, तेवढंच चेहऱ्यावर आलंय.

याला अपवादही आहेत. फ्रान्स हाल्सनं १६१९-२० च्या सुमारास काढलेलं छोट्या कातारिना होफ्टचं आणि तिच्या दाईचं चित्र बर्लिनला आहे. भरजरी कपड्यांत आवळलेलं ते बाळ चक्क हसतंय. हाल्सला चेहऱ्यावरचं हसू टिपायची जी ओढ होती, ती इथे रिवाजापेक्षा मोठी ठरली, असं मला वाटतं.

पायरी २: मूल किती वर्षांचं, मुलगा की मुलगी?

इथे नवखा माणूस हमखास फसतो. त्या काळी डच मुलगे साधारण सहा-सात वर्षांचे होईपर्यंत मुलींसारखाच लांब झगा घालत. झगा दिसला म्हणून 'मुलगी' ठरवू नका. डोक्याभोवती चुंबळीसारखी जाड कापडी गादी बांधलेली दिसली, तर ते नुकतंच चालायला लागलेलं मूल आहे, पडलं तर डोकं फुटू नये म्हणून ती गादी. खांद्यापासून पाठीवर लोंबणाऱ्या लांब पट्ट्या दिसल्या, तर त्या धरून त्याला चालवत असत.

वय कळलं की भावाचं वजन बदलतं. तीन वर्षांच्या मुलाचं रडणं आणि नऊ वर्षांच्या मुलाचं रडणं एक नसतं. स्टेनच्या चित्रातला रडणारा मुलगा लहान बाळ नाही, भावंडांसमोर पाणउतारा झाल्याचं कळण्याएवढा मोठा आहे. त्याला खाऊ न मिळाल्याचं दुःख आहे, आणि सगळ्यांनी ते पाहिलं याची लाजही आहे.

पायरी ३: नजरांच्या दोऱ्या ओढा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. कागदावर चित्रातल्या प्रत्येक डोक्यासाठी एक टिंब काढा. मग कोण कुणाकडे बघतंय ते पाहून टिंबातून बाण काढत जा. बोटं कुठे रोखलीत, त्यांचे बाण वेगळ्या रंगानं काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही, जाळं दिसलं पाहिजे.

निकोलास मासचं 'खोडकर ढोलकीवाला' माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात आहे, १६५५ च्या सुमाराचं. यात टिंबं मोजकीच आहेत. पाळण्यात झोपलेलं बाळ, हातात फोक घेतलेली आई, ढोलकी घेऊन रडणारा मुलगा. आता साखळी जोडा: ढोलकी वाजली, बाळाची झोप मोडायची वेळ आली, आईचा हात वर गेला, मुलाचे डोळे भरले. चार गोष्टी, एकामागून एक, आणि मुलाचा चेहरा साखळीच्या शेवटच्या कडीवर आहे. भिंतीवरच्या आरशात आणखी एक चेहरा आहे, तो चित्र काढणाऱ्या मासचा. म्हणजे घरातलं हे रडगाणं एक माणूस शांतपणे बघत बसलाय. त्या आरशापर्यंत पोचलात की चित्र एकदम वेगळं वाटायला लागतं.

आता अवघड उदाहरण. युडिथ लेइस्टरचं 'मांजर आणि वाम घेतलेली मुलं', सुमारे १६३५, लंडनची नॅशनल गॅलरी. मुलानं वळवळणारी वाम दाखवून मांजराला जवळ ओढलंय आणि आता मांजर काखेत दाबून धरलंय. मुलगा मजेत हसतोय. मुलगी मांजराची शेपटी ओढतेय आणि दुसऱ्या हाताचं बोट उगारून जणू आपल्यालाच बजावतेय. इथे बाण चित्राच्या चौकटीबाहेर येतो, तुमच्यापर्यंत. असा बाण सापडला की थांबा. चित्रकारानं तुम्हाला प्रसंगात ओढलंय. मांजराचे पंजे बघा आणि पुढच्या क्षणाला काय होईल ते सांगा. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून टिकलंय, कारण ओरखडा अजून उमटलेला नाही. मांजराशी खेळणाऱ्याला ओरखडे मिळतात, अशा अर्थाची म्हण डच लोकांत होती, आणि ज्याच्या घरी हे चित्र टांगलं जाई त्याला ती पाठ असणार.

लेइस्टरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६३३ मध्ये ती हार्लेमच्या चित्रकार संघात दाखल झाली, स्वतःच्या नावावर काम करू लागली. पण तिच्या मृत्यूनंतर तिची चित्रं हाल्सच्या नावानं खपत राहिली. १८९३ मध्ये एका चित्रावरची तिची सही, अक्षरं आणि त्यांना जोडलेली चांदणी, ओळखली गेली, तेव्हा कुठे तिला तिची चित्रं परत मिळाली. मुलांचे असे चेहरे पाहताना तिचं नाव मुद्दाम घ्या.

पायरी ४: चेहरा झाका, अंग बघा

आता स्क्रीनवर मुलाच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवा. खांदे, मान, हात, पाय काय सांगतात?

काही चित्रकारांनी हे काम आपणच करून ठेवलंय. राइक्सम्युझियममध्ये पीटर दे होखचं एक चित्र आहे, १६५८ ते १६६० च्या सुमाराचं. आई खुर्चीत बसून मुलाच्या डोक्यातल्या उवा काढतेय. मूल गुडघ्यावर बसून तिच्या मांडीत तोंड खुपसून आहे. चेहरा दिसतच नाही! तरीही त्या मुलाच्या मनात काय चाललंय ते कळतं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आजीच्या नाहीतर आईच्या मांडीत तसंच डोकं देऊन फणीचा तो चरचरीत स्पर्श सोसलेला आहे. थोडा कंटाळा, थोडी गुंगी, आणि सुटून जावं असंही वाटत नाही. पलीकडच्या खोलीचं दार उघडं आहे, बाहेर ऊन आहे, कुत्रं तिकडे तोंड करून बसलंय. मूल मात्र तिथेच आहे.

हाच विषय जेरार्ड तेर बोर्खनं थोडा आधी रंगवला. ते चित्र मौरित्सहाउसमध्ये आहे. तिथे चेहरा दिसतो, आणि मुलाच्या हातात एक सफरचंद आहे. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडून बघा. कुठल्या मुलाची दशा तुम्हाला जास्त कळली? मला तरी दे होखच्या मुलाची.

अंग वाचायला शिकवणारं सगळ्यात चांगलं काम रंगीत नाहीच. रेम्ब्रांटनं १६३५ च्या सुमारास काढलेलं एक रेखाचित्र बर्लिनला आहे. हट्टाला पेटलेलं पोर आईच्या हातात मावत नाहीये, पाय झाडतंय, पायातला जोडा निसटतोय, मागून म्हातारी बोट नाचवतेय. त्या निसटणाऱ्या जोड्यात पोराचा सगळा राग आहे. तोंड झाका, राग कमी होत नाही.

आणि याच्या अगदी उलट टोकाला गाब्रिएल मेत्सूचं 'आजारी मूल'. १६६४ ते १६६६ च्या दरम्यानचं, जेमतेम ३२ सेंटिमीटर उंचीचं, राइक्सम्युझियममध्येच. ॲम्स्टरडॅममध्ये १६६३-६४ ला प्लेगची मोठी साथ येऊन गेली होती. बाई मुलाला मांडीवर घेऊन वाकलीय. मुलाचे पाय बघा: लोंबतायत. निरोगी मूल मांडीवर असं पडून राहत नाही, ते चुळबुळ करतं, पाय हलवतं, उतरायला बघतं. डोळे उघडे आहेत पण नजर कशालाच धरत नाही. या मुलाच्या टिंबातून बाण काढता येत नाही, आणि तेच त्याचं दुखणं. मागच्या भिंतीवर क्रुसावरच्या येशूचं चित्र लावलंय. मांडीवर लेकरू घेतलेल्या बाईची ही बैठक मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची आठवण करून देते, असं अभ्यासक सांगतात. ते खरंच आहे. पण मी आधी पायच बघायला सांगेन.

पायरी ५: आता चेहरा

अंगठा काढा. चेहरा मोठा करा, पण इतका नको की रंगाचे फटकारेच दिसतील.

हसणं आणि रडणं यांच्यात चेहरा फार थोडा बदलतो, हे त्या काळच्या चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. कारेल फान मांडरनं १६०४ च्या आपल्या ग्रंथात मनातले भाव कसे रंगवावेत यावर स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. रेम्ब्रांटचा शिष्य सामुएल फान होखस्ट्रातन यानं १६७८ मध्ये चित्रकारांना सांगितलं की आरशासमोर उभं राहून तो भाव स्वतः करून बघा, करणारे तुम्ही आणि बघणारेही तुम्हीच. हा सल्ला पाहणाऱ्यालाही लागू पडतो. दार लावून घ्या आणि चित्रातल्या मुलासारखा चेहरा करून बघा. गाल वर गेले की डोळे आपोआप बारीक होतात, हे हसू. भुवयांची आतली टोकं वर चढून एकमेकींकडे ओढली गेली, हे रडू. एकदा स्वतःच्या कातडीवर कळलं की दुसऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

मग ही कसोटी लावा. मुलाचं तोंड बोटानं झाका, फक्त डोळे बघा. नंतर डोळे झाका, फक्त तोंड बघा. दोन्ही एकच सांगतात का? हाल्सचा 'हसणारा मुलगा' घ्या, सुमारे १६२५, मौरित्सहाउस. गोल फळीवरचं, सुमारे ३० सेंटिमीटरचं छोटं चित्र, विस्कटलेले केस, उघडं तोंड. डोळे झाकले तरी हसतोय, तोंड झाकलं तरी हसतोय. हे पुरतं, मनापासूनचं हसू. हाल्सनं भराभर मारलेले फटकारे तसेच ठेवलेत, घोटून गुळगुळीत केलेले नाहीत, म्हणून हसू अजून हलतंय असं वाटतं. असं नाव-गाव नसलेल्या चेहऱ्याचं चित्र म्हणजे 'ट्रोनी'. ते ओळखीसाठी काढलेलं नसतं, भावासाठी काढलेलं असतं.

आता डब्लिनच्या नॅशनल गॅलरीतली स्टेनची 'गावची शाळा' उघडा, सुमारे १६६५. मास्तर मुलाच्या तळहातावर लाकडी पट्टी मारतोय. मुलानं एक हात पुढे केलाय, दुसरा रडक्या तोंडाकडे गेलाय, खाली चुरगळलेला कागद पडलाय. त्याच्यावर फार वेळ घालवू नका, तो सरळ आहे. शेजारच्या मुलीवर वीस मिनिटं घालवा. ती घाबरलीय की तिला मजा वाटतेय? की आपली पाळी नाही म्हणून सुटका? तोंड झाकून बघा, डोळे झाकून बघा. एकच उत्तर आलं नाही तर तुमचं चुकलेलं नाही. दुसऱ्याला मार बसताना बाकावरच्या पोरांच्या चेहऱ्यावर एका वेळी दोन-तीन भाव असतात, आणि स्टेननं ते तसेच ठेवलेत.

इथे मराठीचा फार उपयोग होतो. कागदावर 'दुःखी', 'आनंदी' असलं काही लिहू नका. आपल्याकडे मुलांच्या भावांसाठी नेमके शब्द आहेत, ते वापरा. हिरमुसलेला म्हणजे काही मिळेल असं वाटत असताना न मिळालेला. फुरंगटलेला म्हणजे कुणीतरी समजूत काढावी म्हणून रुसलेला. कावराबावरा म्हणजे कुणाकडे बघावं तेच न कळणारा. ओशाळलेला म्हणजे चोरी पकडली गेलेला. मुसमुसणं, हुंदके देणं, गळा काढणं, भोकाड पसरणं ही रडण्याची चार वेगळी रूपं. खुदकन हसणं, गालात हसणं, फिदीफिदी हसणं ही हसण्याची. शब्द निवडताना तुम्हाला परत चित्राकडे बघावं लागतं, आणि दुसऱ्यांदा बघताना पहिला शब्द बहुतेक वेळा चुकीचा निघतो. तो खोडा, दुसरा लिहा.

आणखी एक. सगळेच चेहरे हसरे किंवा रडके नसतात. तेर बोर्खचा 'कुत्र्याच्या पिसवा काढणारा मुलगा', सुमारे १६५५, म्युनिकला आहे. मुलगा खाली मान घालून मांडीवरच्या कुत्र्याच्या अंगात बोटं घालून बसलाय, ओठ मिटलेले, सगळं लक्ष बोटांच्या टोकांत. टेबलावर वही उघडी आहे, अभ्यास राहिलाय. काहीजण यात आळसाची निंदा बघतात. मला तिथे फक्त तल्लीन झालेलं मूल दिसतं, आणि तल्लीनता रंगवणं हे खदखदून हसणं रंगवण्यापेक्षा अवघड आहे.

पायरी ६: हातात काय आहे?

ही पायरी पटकन उरका, पण गाळू नका. फोकांची जुडी म्हणजे शिक्षा. साबणाचे फुगे दिसले तर क्षणभंगुर आयुष्याची आठवण, हा त्या काळी सर्वांना ठाऊक असलेला संकेत. मडकं दिसलं आणि त्यातून काठी वर आली असेल तर ते 'रोमेलपॉट' नावाचं वाद्य: मडक्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचं कातडं ताणायचं, मधे वेत खोवायचा आणि वेत वर-खाली ओढायचा, की घर्र-घर्र आवाज निघतो. ख्रिस्ती लोकांच्या उपासाच्या काळाआधीच्या सणात मुलं ते वाजवत दारोदार पैसे मागत. यान मीन्स मोलेनारनं १६२९ मध्ये काढलेल्या, लंडनला असलेल्या चित्रात दोन मुलं आणि एक मुलगी वाद्यं वाजवतात, आणि मुलगी तर शिपायाच्या लोखंडी शिरस्त्राणावर चमचे बडवतेय. हा कसला कल्लोळ असेल, ते त्यांच्या चेहऱ्यांवरूनच ऐकू येतं. (मोलेनारनं १६३६ मध्ये युडिथ लेइस्टरशी लग्न केलं.)

पायरी ७: बोध किती घ्यायचा?

पुष्कळ चित्रांमागे म्हण असते. मौरित्सहाउसमधलं स्टेनचं मोठं चित्र, १६६८ ते १६७० च्या सुमाराचं, एका डच म्हणीवर बेतलंय: मोठे जसं गातात तसं लहान वाजवतात. आपण 'खाण तशी माती' म्हणतो, तोच सूर. डच भाषेत बासरी वाजवणं आणि चिलीम ओढणं यांना एकच शब्द चालतो, त्यावर स्टेननं खेळ केलाय. चित्रातला हसरा बाप पोराला चिलीम ओढायला शिकवतोय, आणि त्या बापाला स्टेननं स्वतःचाच चेहरा दिलाय.

अशा चित्रांत बोध किती आणि निव्वळ बघण्याचा आनंद किती, यावर अभ्यासकांत मोठा वाद झालेला आहे. एडी दे योंग यांनी म्हणी आणि बोधचित्रांच्या आधारे दडलेले अर्थ उलगडून दाखवले. स्वेतलाना आल्पर्स यांनी म्हटलं की ही चित्रकला मुळात जग डोळ्यांनी टिपण्याची आहे, दर वेळी अर्थ उकरू नका. नवख्यानं कुठल्याच बाजूला घाईनं जाऊ नये. माझी पद्धत साधी आहे: म्हण मोठ्यांच्या वागण्याला लावायची, मुलाच्या चेहऱ्याला नाही. चिलीम तोंडात घेतलेला तो मुलगा कुणाचं तरी वाईट उदाहरण म्हणून तिथे आलेला नाही. तो बापाच्या शेजारी आहे, बाप आज त्याला मोठ्यांचं काहीतरी शिकवतोय, आणि त्याला ते हवं आहे. बोध चित्राचा आहे, भाव मुलाचा आहे.

पायरी ८: परत निकोलसच्या सणाकडे

आता पहिलं चित्र पुन्हा उघडा आणि सगळ्या पायऱ्या लावा. घाई करू नका.

मधे छोटी मुलगी आहे, हातात बाहुली, कोपराला खाऊची बादली. आई हात पुढे करून तिला जवळ बोलावतेय, ती मात्र आपलं धन घट्ट धरून अंग चोरतेय. तिच्यासाठी शब्द शोधा, 'आनंदी' पुरत नाही. उजवीकडे मोठा भाऊ बाळाला कडेवर घेऊन वर धुराड्याकडे दाखवतोय, निकोलस इथूनच आला म्हणून. त्याच्या शेजारचं पोर आ वासून वर बघतंय. त्या दोघांचे बाण चौकटीच्या वर जातात, तिथे कुणीच नाही, आणि तरी त्यांना कुणीतरी दिसतंय. मोठी मुलगी फोक खुपसलेला बूट सगळ्यांना दिसेल असा धरून उभी आहे. एक धाकटा भाऊ रडणाऱ्याकडे बोट करून हसतोय. बोट एकीकडे आहे, त्याची नजर कुठे आहे ते तुम्हीच बघून बाण काढा. आजोबा मधे बसून हे सगळं होऊ देतायत.

रडणारा मुलगा आता तुम्हाला एकटा दिसणार नाही. बूट, हसणारा भाऊ, बूट धरणारी बहीण, खाऊ कवटाळणारी धाकटी, हे सगळे प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर येऊन पडलेत. त्याच्यासाठी तुम्ही कुठला शब्द लिहिला ते बघा.

मग चित्राच्या मागच्या, अंधाऱ्या भागात जा, पलंगाच्या पडद्यापाशी. तिथे आजी उभी आहे. तिनं पडदा जरासा सारलाय आणि ती बोटानं खुणावतेय, 'इकडे ये.' पडद्यामागे काहीतरी ठेवलेलं असणार. मुलानं अजून तिकडे बघितलेलं नाही.